सहा वाजताचे बटाटे

हाझेनब्रूक, १७ जून
दुपारचे पावणेपाच

ति. अलायदाताईस,

धाकट्या हार्मेनचा वाकून नमस्कार. (हे नुसतं लिहिण्यापुरतं नाही. सकाळी सातपासून सायकलवर आहे आणि कंबर सरळ व्हायला साफ नकार देते आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? रूलोफभावोजींचा रक्तदाब? तुमचं मांजर अजून आहे का? नऊ वर्षांत बदललं असेल तर नव्याची चौकशी केली असं समज. मी बरा आहे. पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे. चाळीस वर्षं आमच्याकडून तुला जी पत्रं आणि शुभेच्छापत्रं यायची ती सगळी फेन्ना लिहायची, मी खाली सही ठोकायचो. ती गेल्यापासून आमच्या घरात सही आहे, मजकूर नाही.

तर आधी महत्त्वाचं. पंचाहत्तराव्या वाढदिवसाच्या तुला मनापासून शुभेच्छा, आणि आपल्या रीतीप्रमाणे, बायकोचा वाढदिवस आहे म्हणून भावोजींचंही अभिनंदन. शेजाऱ्यांचं माझ्यातर्फे तूच कर.

पत्रावर तुझ्याच गावाचं नाव बघून तुला वाटेल, ह्याचं डोकं फिरलं. तसं नाही. मी तुझ्या घरासमोर, चर्चच्या भिंतीला टेकलेल्या बाकावर बसलो आहे. मधे लिंडेनचं झाड आहे म्हणून तुला मी दिसत नाही. मला मात्र फांद्यांमधून तुझी बैठकीची खोली आरपार दिसते, कारण पडदे ओढून बसणाऱ्याकडे काहीतरी भानगड आहे असं आपण सगळेच मानतो. गेली पंधरा मिनिटं मी बघतो आहे. ताई, खुर्च्या गोल मांडलेल्या नाहीत. पताका नाहीत. दारात एकही परकी सायकल नाही. टेबलावर दोन कप, तेही रिकामे. पंचाहत्तरावा वाढदिवस आणि दोन कप? मला आधी वाटलं पाहुणे येऊन गेले असतील. पण चाळीस माणसं येऊन गेल्यावर तुझं घर इतकं आवरलेलं असणं शक्य नाही, आणि माणसं आलीच नसतील तर मला ते सहन होणारं नाही. तू आजारी तर नाहीस ना? मघाशी खिडकीशी येऊन कुंडीतलं एक वाळकं पान तोडलंस. उजवा हात वापरलास, त्यावरून निदान उजवी बाजू ठीक दिसते.

उठून दार का वाजवत नाही, हे तुला सांगायला नको. पण कागद भरपूर आहे (कसा, ते खाली येईल), म्हणून सांगतो. नऊ वर्षांपूर्वी मी तुमची शिडी परत करायला आलो होतो. संध्याकाळचे सहाला पाच मिनिटं कमी. तू दार उघडलंस, शिडी घेतलीस आणि म्हणालीस, "आम्ही आत्ता जेवायला बसतोय. तू समोरच्या खोलीत बस, पेपर वाच." मी बसलो. दार तू ओढून घेतलंस, पण वास कुठे ओढून घेता येतो? खिम्याचे गोळे होते, रस्सा होता, आणि बटाटे. पंचवीस मिनिटं मी काट्याचमच्यांचे आवाज ऐकले. तू बाहेर आलीस तेव्हा मी म्हणालो की मी मृत्यूच्या जाहिरातीसुद्धा वाचून संपवल्या, त्यात एक सख्ख्या बहिणीच्या दारात भुकेने गेलेल्या माणसाची घालायची राहिली. तू म्हणालीस, "आधी कळवलं असतंस तर एक बटाटा जास्त सोलला असता." मी टोपी घातली आणि निघालो. तेव्हापासून ना तुझं येणं, ना माझं जाणं. मधे फेन्नाच्या मातीला तू आलीस, माझा हात हातात घेतलास, "जप हो" म्हणालीस, मंडळींबरोबर कॉफी घेतलीस, केकचा एक तुकडा खाल्लास आणि बस पकडलीस. त्या "जप हो"वर मी तेरा महिने काढले आहेत.

आता न कळवता दार वाजवायचा हक्क वर्षातून एकाच दिवशी असतो, तो म्हणजे वाढदिवसाला. त्या दिवशी साडेदहाला कोणीही यावं, गोलात बसावं, कॉफी प्यावी, बाराच्या आत उठावं. कोण कुणाशी बोलत नाही हे त्या दिवशी कुणी काढत नाही. आणि तुझा वाढदिवस मला रोज दिसतो. आमच्या संडासात फेन्नाचं वाढदिवसांचं कॅलेंडर (वार-साल नसलेलं, दरवर्षी तेच चालणारं) अजून तिथेच आहे. सतराच्या घरात तिच्या बारीक अक्षरात लिहिलं आहे: अलायदा, आणि पुढे जन्मसाल. मार्चमध्ये आमच्या ज्येष्ठ मंडळाचं पत्रक आलं, 'सात सुंदर खेडी एका दिवसात', तारीख सतरा जून, आणि पाचवं खेडं हाझेनब्रूक. पत्रकावर तुमच्या घराचा फोटो आहे, गवताचं छप्पर, हिरवी दारं, दोरीवर तुझे टॉवेल. मी ते पत्रक घेऊनच संडासात गेलो होतो. वर सतरा, खाली सतरा. मला तो इशाराच वाटला.

बसने मात्र जायचं नाही हे मी तिथेच ठरवलं. मंडळाच्या सहली गोंडाबाई नेतात. त्या हातात पिवळी छत्री धरतात, आणि ती छत्री उघडली की बघायचं, मिटली की बसमध्ये चढायचं. एका खेड्याला पंचवीस मिनिटं, त्यातली दहा संडासच्या रांगेत. मी त्यांना म्हणालो, मी आपलं माझं माझं जाईन, सायकलने, आडवाटेने, खेडी निवांत बघत. त्यावर त्या म्हणाल्या, "हार्मेन, तुम्हाला किराणा दुकानातून घरी यायला दोन वेळा रस्ता विचारावा लागतो." हे चाळीस माणसांसमोर. खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. तू दार उघडून मला बघितलंस आणि परत लावलंस, तर ते चाळीस माणसांनी बघू नये, त्यांच्या गळ्यात कॅमेरे असतात.

काल मी केक केला. फेन्नाच्या डब्यात, फेन्नाच्या वहीतून, सफरचंदाचा. वर साखरेच्या पाकाने ७५ काढलं. सकाळी सातला केक मागच्या कॅरियरला रबरी पट्ट्यांनी बांधला, हँडलला कागदाची पट्टी चिकटवली. तिच्यावर सायकलवाटेच्या नाक्यांचे आकडे होते, चौदा, सदतीस, बावन्न, नऊ, एकसष्ट. आकडा दिसला की त्याच्या बाणाकडे जायचं, इतकं सोपं. पोरंसुद्धा जातात. चौतीस किलोमीटर, साडेतीन तास. वारा समोरून होता (तू म्हणशील कधी नसतो?), आणि पहिल्या तासात मला सात जणांनी मागे टाकलं. त्यांतल्या एक आजी ऐंशीच्या पुढच्या होत्या, बॅटरीच्या सायकलवर ताठ बसून, विणकामाची पिशवी पुढे. जाताजाता म्हणाल्या, "दमू नका हं, बाळ." मी सदुसष्ट वर्षांचा आहे.

बावन्नच्या नाक्यावर खांब होता, पण आकड्याची पाटी नव्हती. चारी बाजूंना कुरणं, एक गाय आणि मी. गाईने ज्या बाजूला मान वळवली तिकडे गेलो, आणि सव्वाआठला एका अशा खेड्यात पोचलो की ज्याचं नाव अजून मला माहीत नाही. सुंदर, हे मान्य करतो. पण रस्त्यावर चिटपाखरू नाही. विचारायचं कोणाला? सकाळी सव्वाआठला परक्याच्या दारची बेल वाजवायची नसते. म्हणून एका मोठ्या खिडकीसमोर थांबलो. आत नवराबायको न्याहारी करत होते. मी हात हलवला. त्यांनीही हलवला. मी परत हलवला, त्यांनी परत हलवला. असं किती वेळ चाललं असतं देव जाणे, पण बाईंनी पावावरची चॉकलेटची चुरी झटकली आणि बाहेर आल्या. म्हणाल्या, "घर बघायला आलात ना? पण आपलं साडेदहाचं ठरलं होतं." आतून नवरा ओरडला, "सव्वादोन तास आधी! अशा माणसाला घर विकायचं?" त्या म्हणाल्या, "अहो, आता आलेच आहेत तर." मी तोंड उघडलं, पण खरं सांगायचं तर 'मी वाट चुकलो आहे' हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. गोंडाबाईंचं वाक्य आठवलं. ताई, मी त्या घराचा माळा बघितला. पाणी तापवायचं यंत्र बघितलं. भिंतीला ओल आहे का म्हणून हात लावायला लावला, लावला. त्यांच्या आईने कुठल्या खोलीत प्राण सोडला तेही बघितलं आणि टोपी काढली. प्रत्येक खोलीत घड्याळ होतं, आणि प्रत्येकात वेळ पुढे पुढे जात होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी नवऱ्याने दारात मला गाठलं: "मग? निर्णय कधी कळवताय?" मी म्हणालो, बहिणीला विचारून सांगतो. ही एकच गोष्ट त्या सकाळी मी मनापासून बोललो. निघताना सहज विचारावं तसं नऊ नंबरचा नाका कुठे म्हणून विचारलं, आणि त्यांनी बरोबर दाखवला.

मग मात्र मी जीव खाऊन पायडल मारले. वाटेत दोन खेडी लागली ती बघितली म्हणायची, म्हणजे डावीकडे एक चर्च आणि उजवीकडे पवनचक्की अशी जाताना दिसली. निवांतपणाची हौस त्यातच फिटली. दहा वाजून पाच मिनिटांनी वेख्त नदीच्या काठावर होतो. समोरच्या काठावर तुझ्या चर्चचं टोक दिसत होतं. पंचवीस मिनिटं हातात, आणि नदी ओलांडली की दहा मिनिटांचा रस्ता. मी मोठ्याने "फेन्ना, पोचलो बघ" असं म्हणालो. हे म्हणायला नको होतं.

तिथली साखळीची होडी तुला माहीत आहे. सपाट तराफा, नावाडी नाही, आपणच चाक फिरवून दोन्ही काठांना बांधलेल्या साखळीवरून आपल्याला पलीकडे न्यायचं (काठांवरही एकेक चाक असतं). हाताला रग लागली, पण जमत होतं. नदीच्या मध्यावर वाऱ्याने माझा पावसाचा अंगरखा उडवला आणि त्याचं टोक चाकाच्या दात्यांत गेलं. चाक अडकलं. मी उलटं फिरवून बघितलं, अंगरखा आणखी हातभर आत गेला. अंगरखा गळ्याशी बंद, त्यामुळे माझी मान चाकापासून दोन वीत. केक मागे, सायकल आडवी, आणि मी चाकाला नमस्कार केल्यासारखा ओणवा. साडेदहाचे ठोके तुझ्या चर्चमधून ऐकू आले. त्या वेळी मला खरोखर रडू येत होतं.

आणि तेवढ्यात पलीकडच्या काठावर पिवळी छत्री उघडली. चाळीसच्या चाळीस जण उतरले. गोंडाबाईंचा खणखणीत आवाज पाण्यावरून आला, "आणि ही आपली जुनी हाताने चालवायची होडी, आपलं सुदैव, की आज ती चालू स्थितीत बघायला मिळते आहे." मग त्यांना मी दिसलो. "हार्मेन? तुम्ही तिथे काय करताय?" मी म्हणालो, खेडी बघतोय. त्यांनी चार दणकट म्हाताऱ्यांना काठावरच्या चाकाला लावलं. होडी हलली, तसं होडीतलं चाकही फिरलं, आणि माझी मान एक वीत खाली गेली. मी किंचाळलो. त्याच वेळी माझ्या मागच्या काठावर दोन सायकलस्वार आले, तरुण, घट्ट कपड्यातले, त्यांना पलीकडे अकराला कुणालातरी भेटायचं होतं. त्यांनी त्यांच्या बाजूचं चाक फिरवलं. मान वर आली, होडी मागे गेली. मंडळींनी ओढलं, मान खाली. मी "थांबा" म्हणून एवढा ओरडलो की बगळे उडाले.

थांबले. आणि मग ताई, आपली माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. बैठक घेतली. होडी कुठल्या काठाला न्यायची यावर प्रत्येकाचं मत घेतलं, कारण कुणाला डावलल्यासारखं वाटायला नको. निवृत्त कालवा अधिकारी फान ओम्मेन यांनी पाण्याच्या ओढीबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं. पलीकडचे दोघे ओरडून म्हणाले की त्यांचंही ऐकून घ्यावं, तेव्हा त्यांना ओरडून बोलायला वेळ दिला. गोंडाबाईंनी मला विचारलं, "हार्मेन, तुमचं म्हणणं काय?" मी म्हणालो, माझं म्हणणं असं की माझ्या बहिणीचा वाढदिवस आहे. त्यावर चाळीस जणांनी काठावरून माझं अभिनंदन केलं, एकेकाने. साडेअकराला सर्वानुमते ठरलं की कुठल्याच बाजूवर अन्याय नको, म्हणून होडी तूर्त आहे तिथेच, मधे राहावी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. (नदीत उभा राहून असं म्हणणं कसंसंच वाटतं, पण झालं तसंच.)

बारा वाजले. तुझ्याकडचे पाहुणे आता उठत असतील, टोप्या शोधत असतील, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. तेव्हा चाकांच्या खुर्चीत बसलेल्या, कधी एक शब्द न बोलणाऱ्या बाई, डिक्स्ट्रा त्यांचं नाव, त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाल्या, "त्याने गळ्याचं बटण का काढलं नाही?"

मी बटण काढलं. मान सुटली. दीड तास, ताई. मी चाळीस माणसांकडे बघू शकलो नाही. अंगरखा कापून होडी पलीकडे आणा, असं गोंडाबाई सांगत होत्या, पण तो फेन्नाने दिलेला आहे, तो मी कापणार नव्हतो. अंगरखा खेचता खेचता साखळी निसटली, मग त्या दोघा तरुणांनी लांब काठीने होडी त्यांच्या, म्हणजे चुकीच्या काठाला ओढून नेली. साखळी बसवणाऱ्या माणसाला फोन केला तर तो जेवत होता, आणि जेवताना माणसाला उठवायचं नसतं, हे मी कोणाला सांगू? मी पुलाकडून जायचं ठरवलं, एकोणीस किलोमीटर. वाटेत सहलीची बसही पुलावरून येऊन माझ्या शेजारी थांबली. मी तिच्यात चढलो असतो, पण गोंडाबाईंनी खिडकीतून पत्रकांचा गठ्ठा माझ्या हातात दिला, "एकटेच फिरताय तर वाटत जा." (त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूंवर हे लिहितो आहे.) पुढे चाक पंक्चर झालं, शेवटचे सात किलोमीटर सायकल हातात धरून आलो, आणि एका कुंपणाशी बसून केकचा ५ खाल्ला. माफ कर. आता त्याच्यावर नुसता ७ आहे.

साडेपाच वाजून गेले. मघाशी तू बटाट्यांची टोपली घेऊन खिडकीशी बसली होतीस. मी मोजले. सहा सोललेस. तीन तुझे, तीन भावोजींचे. माझ्याही ताटात तीनच असतात, आईने तसंच शिकवलं. आता दार वाजवायचं म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचीच वेळ, तेच दार, तेच मोजलेले बटाटे, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. मला ते जमणार नाही. केक पायरीवर ठेवतो, हे पत्र दाराच्या फटीतून सोडतो आणि शेवटची बस बघतो. तू बरी आहेस ना, एवढं कळव. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

तुझा धाकटा,
हार्मेन

ता. क. पत्र अर्धं आत गेलं होतं तेव्हा भावोजींनी दार उघडलं. ते आतून ओढत होते, मी बाहेरून; पत्र माझ्याच हातात राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "जेवायला बसतोय." मग समोरच्या खोलीकडे बोट दाखवलं. मी आत्ता तिथे बसलो आहे. तीच खुर्ची. पेपर आजचा आहे. केक मांडीवर आहे. तू बाहेर आली नाहीस. स्वयंपाकघरात भांडं आदळल्याचा आवाज मात्र आला, म्हणजे मी आलोय हे तुला कळलं. दार लावलेलं आहे. खिम्याचे गोळे आहेत.

ता. क. २. नऊ वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते सांगून टाकतो. शिडीच्या आदल्या वर्षी रूलोफभावोजी आमच्याकडे आले होते, सहाला दहा कमी असताना, तुझा निरोप घेऊन. मी त्यांना पेपर दिला आणि समोरच्या खोलीत बसवलं. फेन्ना म्हणत होती, "माझ्यातला एक देते," मी म्हणालो, "बटाटे मोजलेले आहेत, फेन्ना." भावोजी अर्धा तास बसले आणि मृत्यूच्या जाहिरातींबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मी तुझ्यावर रुसलो होतो ते माझ्याच वागण्यावर. फेन्नाने मला हे शेवटपर्यंत सुनावलं, आणि मी शेवटपर्यंत ऐकलं नाही.

ता. क. ३. तुमच्या संडासात जाऊन आलो. ताई, तुमचं कॅलेंडर जूनवर आहे आणि सतराच्या घरात काहीच नाही. मी पान मागे केलं. मे महिना, सतरा तारीख, भावोजींच्या ढब्बू अक्षरात: 'अलायदा. विसरू नये.' खोलीत परत आल्यावर दिसलं, कपाटावर शुभेच्छापत्रांची दोरी आहे, पत्रं उन्हाने फिकी पडली आहेत. तुझा वाढदिवस होऊन महिना झाला. गोल मांडलेल्या खुर्च्या होत्या, माणसं होती, सगळं होतं. तू आजारी नाहीस.

चूक कशी झाली ते आता कळलं. आमच्याकडचं पान दर एक तारखेला फेन्ना उलटायची. ती गेली वीस मेला. तेव्हापासून आमच्या घरी मेच आहे. ते पान उलटायला माझा हात गेला नाही, आणि मग मी ते बघायचं विसरलो, फक्त सतरा तेवढं वाचत राहिलो.

तुमचं पुढचंही बघितलं, रागावू नकोस. नऊ ऑक्टोबर, हार्मेन. नऊ वर्षांत त्यावर काट मारलेली नाही. आणि तीन फेब्रुवारी, फेन्ना. जो जातो त्याच्या नावावर रेघ मारतात, पण तू मारलेली नाहीस.

ता. क. ४. दार उघडलं. भावोजी हातात एक रिकामं ताट घेऊन उभे आहेत. म्हणतात, "ती म्हणते, तिघांत सहा बटाटे म्हणजे दोन दोन. रस्सा वर घालू की बाजूला?" मी जातो आहे, केक घेऊन. आता या पत्राची तशी गरज उरली नाही, तरी ताटाखाली ठेवतो, कारण एक गोष्ट मला जेवताना तोंडाने बोलता येणार नाही. ताई, एकदा आमच्या गावी, ओल्डनफेल्डला ये आणि आमच्या कॅलेंडरचं पान उलटून जा. तेरा महिन्यांची तेरा पानं उलटायची राहिली आहेत, सगळी तूच उलट, मी बाजूला उभा राहीन. आधी कळवू नकोस. सहाला ये. मी पाच सोलत जाईन रोज, तीन नेहमीचे, दोन तुझ्यासाठी.